जागतिक साहित्याचा सर्वेक्षणात्मक अभ्यासक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात जागतिक साहित्याचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शंका दरवर्षी थोड्याफार फरकाने त्याच असतात. वाचन फार, वेळ थोडा, लेखकांची नावे अनोळखी आणि बहुतेक सगळे भाषांतरातून, अशी ही अडचण आहे. खाली त्या शंकांना उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या शंका वरवरच्या नाहीत.

या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवले जाते?

जगातील निरनिराळ्या भाषांमधील, साधारण चार हजार वर्षांच्या काळातील निवडक साहित्यकृतींची एका किंवा दोन सत्रांत ओळख करून देणे, हे या अभ्यासक्रमाचे स्वरूप असते. दोन सत्रे असतील तर पहिल्या सत्रात प्राचीन काळापासून सतराव्या शतकापर्यंतचे आणि दुसऱ्या सत्रात त्यापुढचे साहित्य नेमण्याचा प्रघात आहे. यातल्या थोड्याच कृती पूर्ण वाचायच्या असतात. बाकीच्यांचे वेचे नेमलेले असतात.

एवढ्या वाचनातून कोणी कोणत्याही एका साहित्याचा जाणकार होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारण्याची सवय लागावी, एवढी अपेक्षा असते : यात काय आहे आणि ते कसे सांगितले आहे, हे मूळ कोणासाठी रचले गेले, आणि ते आपल्या हाती कोणत्या वाटेने आले. तिसऱ्या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते. माझ्या मते मात्र तोच या विषयाचा कणा आहे. लेखनिक, गायक, नक्कलकार, भाषांतरकार आणि संपादक यांच्या हातांतून गेल्याशिवाय या यादीतली जवळजवळ कोणतीही कृती आपल्यापर्यंत आलेली नाही.

'जागतिक साहित्य' ही कल्पना कोणाची?

या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जर्मन कवी गटे याने. ३१ जानेवारी १८२७ रोजी आपला तरुण सहकारी एकरमान याच्याशी बोलताना, आपण एक चिनी कादंबरी वाचत असल्याचे त्याने सांगितले आणि राष्ट्रीय साहित्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही, जागतिक साहित्याचे युग जवळ आले आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या वेळी तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. कालिदासाचे शाकुंतल त्याने त्याच्या कितीतरी आधी वाचले होते, तेही कसे, ते पाहण्यासारखे आहे. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये त्या इंग्रजीवरून जर्मन भाषांतर केले आणि ते गटेच्या हाती पडले. म्हणजे या कल्पनेच्या जनकाने वाचलेले शाकुंतलही भाषांतराचे भाषांतर होते. तरीही त्याच्या 'फाउस्ट' या नाटकाच्या आरंभी येणारा नाट्यगृहातला प्रवेश संस्कृत नाटकातल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून त्याला सुचला, असे अभ्यासक मानतात.

१८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात हाच शब्द व्यापाराच्या संदर्भात येतो : बाजारपेठ जगभर पसरली की विचारांची देवाणघेवाणही पसरते आणि अनेक राष्ट्रीय साहित्यांमधून एक जागतिक साहित्य उभे राहते, असा तेथील युक्तिवाद आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०७ मध्ये 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले, त्यांचा रोख निराळा होता. ग्रंथांची यादी त्यांना अभिप्रेत नव्हती. माणूस स्वतःला जेथे जेथे व्यक्त करतो ते सगळे एकच बांधकाम आहे, असे पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. परीक्षेत या तिघांची मते एकाच व्याख्येत कोंबलेली आढळतात. तसे करू नये. एकाला वाचकाची उत्सुकता दिसते, दुसऱ्याला बाजार दिसतो, तिसऱ्याला माणसामाणसांतले नाते दिसते, आणि या विषयातले आजचे वादही याच तीन दिशांनी चालतात.

नेमलेल्या कृती कोण निवडते आणि कशाच्या आधारावर?

प्रत्यक्षात ही निवड अभ्यासमंडळ आणि शिक्षक करतात, पण त्यांच्या आधी ती वेच्यांच्या मोठ्या संग्रहांच्या संपादकांनी केलेली असते. अमेरिकी महाविद्यालयांत गाजलेल्या, नॉर्टन या प्रकाशनसंस्थेच्या संग्रहाची पहिली आवृत्ती १९५६ मध्ये निघाली. नावात 'जागतिक' असूनही तिच्यात केवळ पाश्चात्त्य परंपरा होती. आशिया, आफ्रिका आणि अन्य प्रदेशांतील साहित्याला जागा देणारी विस्तारित आवृत्ती १९९५ मध्ये आली. मधली एकोणचाळीस वर्षे ज्या विद्यार्थ्यांनी तो संग्रह वाचला, त्यांच्या लेखी जग तेवढेच होते.

म्हणून आपल्या हातातल्या यादीकडेही याच नजरेने पाहावे. कोणत्या भाषेतली एकच कृती घेतली आहे? आफ्रिकेसाठी एकच कादंबरी आणि युरोपसाठी दहा, असे प्रमाण आहे काय? स्त्रियांनी लिहिलेले किती आहे? जिचे नाव आपल्याला ठाऊक आहे अशी सर्वांत जुनी साहित्यकार म्हणून एन्हेदुआन्ना हिचा उल्लेख केला जातो. ती प्राचीन मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) अक्कडच्या सारगोन राजाची कन्या आणि उर येथील चंद्रदेवतेची पुजारीण होती. तिचा काळ इ. स. पूर्व तेविसाव्या शतकाच्या आसपासचा. इनान्ना देवीला उद्देशून असलेली सूक्ते तिच्या नावावर आहेत. पुष्कळ याद्यांमध्ये ती नसते. ती का नाही, हा निबंधाचा उत्तम विषय आहे.

एवढे सगळे वाचून कसे व्हायचे?

सगळे एकाच गतीने वाचू नये. प्रत्येक कृतीतला एक भाग, एखादा सर्ग, एखादा प्रवेश किंवा दोन पाने, निवडून ती संथपणे, पेन्सिल हातात घेऊन, दोनदा वाचावी. उरलेला भाग एका बैठकीत, न थांबता वाचला तरी चालतो. सर्वत्र थांबणारा विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात मागे पडतो, आणि कोठेच न थांबणाऱ्याच्या हाती सत्राच्या अखेरीस पात्रांची नावे तेवढी उरतात.

वाचनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मूळ संहिता, मग संपादकाची प्रस्तावना, मग वर्गातील टिपणे आणि सर्वांत शेवटी समीक्षा. प्रस्तावना आधी वाचली की कृतीत काय दिसायला हवे हे आधीच ठरून जाते आणि नेमके तेवढेच दिसते. वाचताना पात्रांची नावे व नाती एका कागदावर लिहीत जावीत. रशियन कादंबऱ्यांत एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात. 'गेंजीची कथा' या जपानी ग्रंथात तर माणसांचा उल्लेख नावापेक्षा हुद्द्याने होतो आणि बढती मिळाली की हुद्दाही बदलतो. कागद जवळ नसेल तर तिसऱ्या प्रकरणातच वाट चुकते.

सुरुवात गिल्गमेशपासूनच का होते?

गिल्गमेशचे महाकाव्य अतिशय प्राचीन आहे हे एक कारण झाले. पण शिकवण्याच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक मोलाचे आहे : साहित्यकृती हरवते, सापडते, जुळवली जाते आणि तरीही अपुरी राहते, हे या एका महाकाव्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

उरुकच्या गिल्गमेश राजाविषयी सुमेरी भाषेत आधी सुट्या कविता होत्या. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात अक्कडी भाषेत त्यांतून एक सलग काव्य आकाराला आले. पुढे सिन-लेकी-उन्निन्नी या विद्वानाच्या नावावर असलेली बारा मृत्तिकापट्टांची प्रमाण संहिता तयार झाली. असिरियाची राजधानी निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात तिच्या प्रती होत्या. इ. स. पूर्व ६१२ मध्ये निनवे पडले, ग्रंथालय ढिगाऱ्याखाली गेले आणि दोन हजारांहून अधिक वर्षे या काव्याचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्खननात सापडलेले तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आले. तेथे जॉर्ज स्मिथने त्यांतला महापुराचा वृत्तान्त वाचून काढला आणि ३ डिसेंबर १८७२ रोजी तो जाहीर केला. बायबलातील नोहाच्या कथेशी असलेले त्याचे साम्य पाहून इंग्लंडमध्ये खळबळ उडाली.

ही हकिगत तेथे संपत नाही. २०११ मध्ये इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने मिळवलेल्या एका पट्टात पाचव्या भागातील नव्या ओळी निघाल्या. गिल्गमेश आणि त्याचा मित्र एन्किडू देवदाराच्या अरण्यात शिरतात, तेथे पक्ष्यांचा, किड्यांचा आणि माकडांचा गलबला चालला आहे. अरण्याचा राखणदार हुंबाबा मारला गेल्यावर, आपण या अरण्याचे उजाड रान करून टाकले, असे एन्किडू बोलून दाखवतो. तोवर शौर्यकथा म्हणून वाचल्या जाणाऱ्या प्रसंगाला या ओळींनी अपराधाची छटा दिली. म्हणूनच गिल्गमेशचे भाषांतर निवडताना ते केव्हाचे आहे हे पाहावेच लागते. २०११ पूर्वीच्या पुस्तकात ही माकडे नाहीत.

भाषांतरात वाचले तर ती कृती खरोखर वाचली असे म्हणता येईल का?

म्हणता येईल, मात्र आपण काय वाचले आणि काय वाचले नाही, हे सांगता आले पाहिजे.

आठव्या शतकातील चिनी कवी वांग वेई याची चार ओळींची एक कविता या चर्चेत नेहमी घेतली जाते. प्रत्येक ओळीत पाच, अशी एकूण वीस अक्षरे. पहिल्या दोन ओळींचा आशय असा : डोंगर रिकामा, माणूस दिसत नाही, फक्त माणसांचे बोलणे ऐकू येते. पुढच्या दोन ओळींत मावळतीचा परतणारा उजेड दाट रानात शिरतो आणि हिरव्या शेवाळावर पडतो. माणूस दिसत नाही, पण कोणाला? चिनी ओळीत पाहणाऱ्याचा उल्लेख नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, त्यामुळे अनेक इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे 'मी' आणून बसवला आणि निर्जन डोंगरावर एक माणूस उभा केला. मराठीत 'दिसत नाही' आणि 'ऐकू येते' एवढ्यावर भागते. पाहणारा न आणता ओळ उभी राहते. म्हणजे या एका बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा मूळ कवितेच्या अधिक जवळ जाऊ शकतो. उलट दुसऱ्या आणि चौथ्या ओळींतले यमक, अक्षरांची नेमकी संख्या आणि त्यातून येणारा संथ ठेका मात्र सहसा हातातून निसटतो.

दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून एकच परिच्छेद वाचणे हा या अभ्यासक्रमातला सर्वांत फलदायी अभ्यास आहे, असे मी अनुभवाने सांगतो. जेथे भाषांतरांमध्ये तफावत पडते तेथे मूळ संहितेत काहीतरी अवघड किंवा अनिश्चित आहे, हे मूळ भाषा न येताही कळते.

मग कोणते भाषांतर घ्यावे?

शिक्षकांनी नेमलेले. निवडीची मुभा असेल तर भाषांतरकाराची प्रस्तावना वाचून चार गोष्टींचा शोध घ्यावा : भाषांतर मूळ भाषेवरून आहे की दुसऱ्या भाषांतरावरून, पद्याचे गद्य केले आहे काय, काही गाळले आहे काय, आणि टीपा आहेत काय. प्रस्तावनाच नसलेले भाषांतर अभ्यासासाठी घेऊ नये.

दुसऱ्या भाषांतरावरून केलेले भाषांतर त्याज्यच, असे मात्र नाही. पंचतंत्राचा जगप्रवास अशाच भाषांतरांनी झाला. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्याने त्याचे पहलवी या त्या काळच्या इराणी भाषेत भाषांतर केले. ते आता उपलब्ध नाही. त्यावरून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने 'कलीला व दिम्ना' हा अरबी ग्रंथ रचला, आणि त्याच्यापासून फुटलेल्या शाखा हिब्रू, लॅटिन आणि युरोपातल्या देशभाषांपर्यंत पोहोचल्या. ला फोन्तेन या फ्रेंच कवीने १६७८ मधल्या आपल्या बोधकथांचे बरेचसे ऋण 'पिल्पे' नावाच्या भारतीय ज्ञान्याकडे असल्याचे नमूद केले आहे. करटक आणि दमनक या कोल्ह्यांची नावे अरबीत कलीला आणि दिम्ना झाली, ग्रंथालाही त्यांचेच नाव मिळाले. इतकेच नव्हे, तर दुष्ट दिम्नावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारे एक नवे प्रकरण अरबी ग्रंथात आले. पंचतंत्रात दमनक सुखाने मंत्रिपदावर राहतो. नव्या वाचकांना ते पटणारे नव्हते.

महाकाव्यांत तीच तीच विशेषणे आणि वाक्ये पुन्हा का येतात?

कारण ती ऐकण्यासाठी रचली गेली आणि गाता गाता रचली गेली. ग्रीक कवी होमरच्या काव्यात अकिलीस हा वीर बसलेला असला तरी 'शीघ्रपद' असतो, आणि पहाट दर वेळी 'गुलाबी बोटांची' असते. अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी याने दाखवून दिले की ही विशेषणे वृत्तातल्या ठरावीक जागांना नेमकी बसतात, म्हणून गायकाला पुढची ओळ जुळवण्यास उसंत मिळते. १९३३ ते १९३५ या काळात त्याने युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर लोकगायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३५ मध्येच त्याचा मृत्यू झाला. त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने ते काम १९६० च्या आपल्या ग्रंथात पूर्णत्वाला नेले. त्या गायकांपैकी अव्दो मेजेदोविच हजारो ओळींचे काव्य अनेक दिवस गात असे, आणि एकदा ऐकलेले दुसऱ्याचे काव्य स्वतः गाताना ते कितीतरी वाढवत असे.

याचा वाचनावर थेट परिणाम होतो. पुनरुक्ती हा दोष मानून ती वगळत वाचले तर ठेका जातो. त्याऐवजी एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. माली साम्राज्याचा संस्थापक सुंद्याता याची कथा पश्चिम आफ्रिकेतील ग्रियो म्हणजे वंशपरंपरागत कथेकरी शतकानुशतके सांगत आले. जिब्रील तमसिर निआन यांनी एका ग्रियोकडून ऐकून फ्रेंच गद्यात उतरवलेली तिची एक आवृत्ती १९६० मध्ये छापली गेली आणि बहुतेक अभ्यासक्रमांत तीच नेमलेली असते. ती वाचताना आपण एका कथनाची एका बैठकीतली नोंद वाचत आहोत, याचे भान ठेवावे. दुसऱ्या गावचा ग्रियो तीच कथा निराळी सांगतो, आणि तीही तेवढीच अस्सल असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी किती माहीत हवी?

वाचताना अडणार नाही इतकी. काळ, भाषा, रचणाऱ्याचा सामाजिक दर्जा आणि मूळ श्रोता किंवा वाचक एवढे कळले की पुरे. निबंधाची पहिली दोन पाने लेखकाच्या चरित्रावर खर्च करू नयेत.

दोन कृतींची तुलना करा, असा प्रश्न आला तर काय करावे?

आधी त्यांच्यातले नाते ओळखावे. काही कृतींमध्ये प्रत्यक्ष देवघेव झालेली असते, जशी पंचतंत्र आणि ला फोन्तेन यांच्यात. काही ठिकाणी एक कृती दुसरीला उत्तर देते. आणि काही कृतींचा एकमेकींशी संबंधच आलेला नसतो. त्यांना शेजारी आपणच बसवलेले असते. तिन्ही प्रकारांत तुलनेची रीत वेगळी आहे, आणि तिसऱ्या प्रकारात 'प्रभाव' हा शब्द वापरला की उत्तर कोसळलेच.

तिसऱ्या प्रकाराचा आदर्श नमुना जर्मन अभ्यासक एरिख आउअरबाख याचा आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागल्यावर त्याने इस्तंबूलमध्ये 'मिमेसिस' हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकरणात त्याने होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गातला प्रसंग घेतला. भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हाताऱ्या दाईला त्याच्या मांडीवरचा व्रण लागतो आणि ती त्याला ओळखते. तेवढ्यात होमर कथा थांबवून त्या व्रणाची, म्हणजे रानडुकराच्या शिकारीची, सत्तरांवर ओळींची हकिगत सांगतो. शेजारी आउअरबाखने बायबलातला अब्राहामाचा प्रसंग ठेवला : देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला बाप तीन दिवस चालतो, आणि त्या तीन दिवसांतली वाट, हवा, मनातला विचार, काहीही सांगितलेले नाही. एकीकडे सगळे उजेडात, दुसरीकडे सगळे अंधारात. कोण श्रेष्ठ, हे तो ठरवत बसत नाही. वास्तव मांडण्याच्या दोन पद्धती तो दाखवतो आणि त्यांचा माग पुढच्या साहित्यात घेत जातो.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या १९५८ च्या कादंबरीचा शेवट वाचावा. चोवीस प्रकरणे आपण नायक ओकोंक्वो, त्याचे कुटुंब, त्याचे गाव, त्याचा ताठा आणि त्याचे भय यांच्या सहवासात घालवलेली असतात. शेवटच्या पानावर इंग्रज जिल्हाधिकारी विचार करतो की या माणसावर आपल्या नियोजित पुस्तकात एक अख्खे प्रकरण नाही, तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद लिहिता येईल. आपण नुकतीच वाचून संपवलेली संपूर्ण कादंबरी त्या एका परिच्छेदाला दिलेले उत्तर आहे, हे तेव्हा लख्ख कळते. कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या आफ्रिकेत घडणाऱ्या, १८९९ मधील कथनावर अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात कठोर टीका केली. पण ती टीका वाचण्याआधी हे शेवटचे पान वाचावे. 'आफ्रिकी दृष्टिकोन मांडला आहे' असे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा त्या परिच्छेदाविषयी चार ओळी लिहिल्या तर तुलना उभी राहते.

उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर कसे लिहावे?

लेखक, कृती आणि प्रसंग एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे आणि मग उताऱ्यातल्या शब्दांकडे वळावे. समजा, काफ्काच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मेटामॉर्फसिस'चा आरंभ दिला आहे. ग्रेगोर साम्सा जागा होतो तेव्हा त्याचे एका अवाढव्य किड्यात रूपांतर झालेले असते. हे पहिल्याच वाक्यात, कसलीही प्रस्तावना न करता सांगितले जाते. थोड्या ओळींनंतर त्याला चिंता लागते ती पाचची गाडी चुकल्याची. माणसाचा किडा होणे ही घटना आणि गाडी चुकण्याची चिंता, या दोन्ही गोष्टी निवेदक एकाच कोरड्या, कारकुनी सुरात सांगतो. या सुराविषयी लिहावे. नोकरीने या माणसाचे आधीच काय करून ठेवले आहे, हे त्या गाडीच्या चिंतेतून कळते, असे म्हणावे आणि पुरावा म्हणून उताऱ्यातले शब्द द्यावेत. 'आधुनिक माणसाचे परात्मीकरण' हा शब्दप्रयोग उत्तरात आला नाही तरी काही बिघडत नाही. तो पहिल्याच ओळीत आला तर मात्र पुढचे वाचन थांबते.

सारांश वाचून काम भागेल का?

नाही. सारांशात कथानक असते आणि या अभ्यासक्रमातल्या निम्म्या कृतींमध्ये कथानक ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब असते. 'गेंजीची कथा' घ्या. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या दरबारातील स्त्रीने रचलेल्या या ग्रंथात चोपन्न प्रकरणे आणि सुमारे आठशे लघुकविता आहेत. त्याचा कोणताही सारांश प्रेमप्रकरणांची यादी होऊन बसतो. प्रत्यक्षात पत्राचा कागद कोणत्या रंगाचा निवडला, अक्षर कसे होते, उत्तर यायला किती वेळ लागला, यावर माणसांची पारख होत असते. नायकाचा मृत्यू तर ग्रंथात दाखवलेलाच नाही. दोन प्रकरणांच्या मध्ये तो घडून जातो आणि पुढचे प्रकरण तो तेजस्वी पुरुष आता नाही, एवढे सांगून सुरू होते. सारांश नेमकी ही रिकामी जागा भरून टाकतो. यंत्राकडून करून घेतलेल्या सारांशालाही हेच लागू आहे.

कृतीतील मूल्ये खटकली तर काय करावे?

खटकणे दाबून टाकू नये आणि त्यावरच थांबूही नये. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात घरी परतलेला नायक आपल्या पत्नीशी लग्न करू पाहणाऱ्या मागणीदारांना ठार मारतो, आणि त्यानंतर त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना फासावर चढवले जाते. त्या दासींना नकार देण्याचे कितपत स्वातंत्र्य होते, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणारच. तो पडला की संहितेकडे परत जावे. तेथे जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांची उपमा आहे आणि क्षणभर हललेल्या पायांचा उल्लेख आहे. कवीने ही ओळ का ठेवली असेल? तिच्यात करुणा आहे की फक्त निरीक्षण? 'तो काळच तसा होता' हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण त्या काळातही मरणाऱ्यांचे पाय पाहणारे कोणीतरी होते. ओडिसियसला दोषी ठरवणारा किंवा निर्दोष ठरवणारा निबंध यापेक्षा सोपा असतो आणि गुणांनीही कमी ठरतो.

पुस्तके न विकत घेता मिळतील का?

जुन्या भाषांतरांपैकी बरीच प्रताधिकारमुक्त आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग किंवा इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतात. मूळ कृती हजार वर्षांपूर्वीची असली तरी भाषांतराचा प्रताधिकार वेगळा असतो, त्यामुळे नवी भाषांतरे तेथे सहसा नसतात. ती ग्रंथालयात मागावीत. मोफत मिळालेल्या 'अरबी रात्रीं'च्या आवृत्तीत अलाउद्दीन आणि अली बाबा असले तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : या दोन कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां याला त्या सीरियातील अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये तोंडी सांगितल्या, आणि गालांने १७०४ ते १७१७ या काळात निघालेल्या आपल्या बारा खंडांत त्या घातल्या. हन्नाचे नाव मात्र त्याने पुस्तकात दिले नाही. त्या ग्रंथातल्या सर्वांत प्रसिद्ध कथांच्या या सांगणाऱ्याला न्याय मिळायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

अभ्यासक्रम संपल्यावर पुढे काय वाचावे?

नव्या लेखकाकडे वळण्याआधी, ज्या कृतीचा केवळ वेचा नेमला होता अशी एक कृती निवडून ती पूर्ण वाचावी. माझी सूचना स्पॅनिश लेखक सर्वान्तेस याच्या 'डॉन किहोते' या कादंबरीची आहे. वेच्यांत पवनचक्क्यांशी झालेली लढाई हमखास असते. ती १६०५ मध्ये निघालेल्या पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणातच येऊन जाते. १६१५ चा दुसरा भाग वेच्यांत फारसा येत नाही, आणि खरी गंमत तेथे आहे. त्यातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे. ती डॉन किहोतेला भेटतात ती एका प्रसिद्ध पुस्तकाचा नायक म्हणून. शिवाय १६१४ मध्ये दुसऱ्याच कोणीतरी बनावट दुसरा भाग छापला होता, त्याचीही दखल सर्वान्तेसने कथेतच घेतली आहे : बनावट पुस्तकात नायक सारागोसाला गेला, म्हणून खरा नायक तेथे जाण्याचे टाळून बार्सिलोनाची वाट धरतो आणि तेथल्या एका छापखान्यात त्याच बनावट पुस्तकाची मुद्रिते तपासली जात असलेली पाहतो. दुसरा भाग वाचायला घेण्यापूर्वी पहिल्या भागाचे नववे प्रकरण पुन्हा चाळावे, कारण ही सगळी कथा एका अरबी हस्तलिखितावरून करवून घेतलेले भाषांतर आहे, असे निवेदक तेथे सांगतो.